नवा व्हॉल्व, की आपलाच सांधून घेतलेला?

थोडं मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा. एरवी मी इथे रस्ता, जेट्टी, एसटी, पाणी यांवर लिहितो. आज घरातलं लिहितोय. पण शेवटपर्यंत आलात तर कळेल की हेही आपल्या सगळ्यांचंच आहे. धाकट्या बहिणीला विचारूनच लिहितोय. तिने दोन अटी घातल्या: "माजा नाव टाकू नको, आन् रडका काय लिवू नको."

परवा तिची ऑपरेशननंतरची दोन वर्षांची टू-डी इको झाली. मायट्रल व्हॉल्वची गळती 'माइल्ड', म्हणजे किरकोळ. हृदयाचा फुगलेला डावा भाग आवरत आलाय. रिपोर्ट घेऊन भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोत बसलो. ती बाहेर पाणी बघत होती आणि मला २०१० सालचा एक शनिवार आठवत होता. त्या शनिवारी मी एक चूक केली होती. ती पुढे सांगतो.

आधी हा मायट्रल व्हॉल्व काय प्रकार आहे ते. हृदयाच्या डाव्या बाजूला वर एक कप्पा, खाली एक कप्पा. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त वरच्या कप्प्यात येतं, तिथून खालच्यात उतरतं, आणि खालचा कप्पा आवळला की सगळ्या अंगाला जातं. या दोन कप्प्यांच्या मधलं दार म्हणजे मायट्रल व्हॉल्व. दोन पाकळ्यांचं दार, एक पुढची, एक मागची. पाकळ्यांच्या कडांना बारीक पांढरे दोरे, आणि दोऱ्यांची खालची टोकं हृदयाच्या भिंतीतल्या स्नायूंना बांधलेली. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या मिटतात आणि दोरे त्यांना वर उलटू देत नाहीत. शिडाला दोर असतो ना, तसंच. दिवसाला साधारण एक लाख वेळा हे दार उघडतं आणि मिटतं.

दोर तुटला, पाकळी सैल पडली, दाराची चौकट रुंदावली किंवा पाकळी जाड होऊन आखडली, की दार नीट मिटत नाही. मग दर ठोक्याला थोडं रक्त उलटं वर जातं. हीच गळती. दोर तुटणं, पाकळी सैल पडणं हे जास्त करून वय वाढल्यावर होतं. आपल्याकडे तरुण पोरापोरींत जी गळती सापडते तिच्यामागे बहुतेक वेळा शेवटचं कारण असतं, आखडलेली पाकळी. आणि ते दुखणं लहानपणीच्या घशातून आलेलं असतं.

२००८ साल. बहीण अकरा वर्षांची, सहावीत. पावसाळ्यात घसा धरला, ताप आला, चार दिवसांत उतरला. कोणाच्या लक्षातही राहिला नाही. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो बरा होतोय तोवर घोटा, मग मनगट. आईने तेल चोळलं, आजी म्हणाली वाढीचं दुखणं आहे. शाळेतल्या बाईंनी मागे लागून लागून बाबांना तयार केलं, तेव्हा ते तिला अलिबागला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, हा रुमॅटिक फीवर आहे, संधिज्वर. व्हॉल्वला सूज आलीय.

घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू येतो. शरीर त्याच्याशी लढायला जे सैन्य उभं करतं, ते काही मुलांमध्ये चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालून जातं. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात हे जास्त होतं. सांधे काही आठवड्यांत बरे होतात, मागे खूणही राहत नाही. व्हॉल्वचं तसं नाही. पुन्हा घसा धरला, पुन्हा हल्ला झाला, की तो आणखी जाड, आणखी आखूड होत जातो. एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात तिथे हा जंतू पटकन पसरतो. युरोप-अमेरिकेत घरं सुधारली, पेनिसिलिन मिळायला लागलं, आणि हा आजार तिकडून जवळजवळ गेला. आपल्याकडे अजून आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेने या आजारावर वेगळा ठराव केला, म्हणजे तो फक्त आपल्या कोळीवाड्याचा प्रश्न नाही.

उपाय मात्र स्वस्त आहे. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन. घशात जंतू टिकला नाही तर हृदयावर नवा हल्ला नाही. पण ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. ज्याच्या व्हॉल्वला इजा राहिलीय त्याने निदान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे लांबचं असेल तोपर्यंत.

दोन वर्षं आम्ही ते नेमाने दिलं. बाबा समुद्रावर असले की तिला सायकलवरून आरोग्य केंद्रात न्यायचं काम माझं. सुई जाड, औषध घट्ट, ती दोन दिवस लंगडायची. आणि मग तो २०१० चा शनिवार. केंद्रात इंजेक्शन संपलेलं. "पुढच्या आठवड्यात बघा." बाजारातल्या एका खासगी दवाखान्यात गेलो, तिथे डॉक्टर म्हणाले, "पेनिसिलिन मी देत नाही. रिॲक्शन आली तर जबाबदारी कोण घेणार?" मी अठरा वर्षांचा होतो. दुपारी गावात मॅच होती. घरी येऊन आईला सांगितलं, "ती चांगली पळते, खेळते. एक राहिलं तर काय होतंय?"

पुढच्या आठवड्यातही साठा नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यात आम्ही विचारलंच नाही. एक राहिलं ते राहिलंच.

हे लिहिताना कोणावर ढकलायचं म्हणून लिहीत नाही. साठा नव्हता हे खरं, डॉक्टर घाबरले हेही खरं, आणि मला मॅच खेळायची होती हेही तितकंच खरं. तिघांनी मिळून ती साखळी तोडली.

बारा वर्षांनी तिचा हिशोब आला. २०२२ च्या नोव्हेंबरात. लग्न होऊन ती खाडीपलीकडे गेलेली. सकाळी बाजाराला पाटी डोक्यावर घेऊन चढ चढताना तिला दम लागायला लागला. आधी वाटलं अशक्तपणा, मग ॲसिडिटी. मग रात्री दोन उशांशिवाय झोप येईना. एका ठिकाणी इको केली. रिपोर्टवर लिहिलं होतं, मायट्रल गळती 'सिव्हिअर', आणि त्याखाली, पंपिंग ६० टक्के. आम्हाला सांगण्यात आलं, "पंपिंग साठ म्हणजे नॉर्मल. घाबरू नका, सहा महिन्यांनी बघू."

इथे जरा थांबा, कारण हे तुमच्याही घरात उपयोगी पडेल. पंपिंगचा आकडा सांगतो की एका ठोक्याला खालच्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडलं. पण बाहेर म्हणजे कुठे, ते तो सांगत नाही. गळक्या व्हॉल्वमध्ये त्यातलं निम्मं उलटं वर गेलेलं असू शकतं. उलटीकडची वाट सोपी असते, त्यामुळे दमलेलं हृदयही कागदावर चांगलं दिसतं. म्हणून मोठी गळती असेल तर साठ हा निवांत बसायचा आकडा नाही, तो इशारा आहे. आणखी एक आकडा रिपोर्टमध्ये असतो, हृदय पूर्ण आवळल्यावर खालच्या कप्प्याची रुंदी. ती ४० मिलिमीटरला पोचली की थांबू नये असं हृदयरोगतज्ज्ञ मानतात. बहिणीची ४२ होती. हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, चार महिन्यांनी. तेही कोणीतरी ओळखीच्याने "एकदा मुंबईला दाखवा" म्हटलं म्हणून.

मुंबईत पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत उत्तर मिळालं. व्हॉल्व खराब, बदलायचा, धातूचा बसवायचा, आयुष्यभराचं काम होऊन जाईल. घरात सगळ्यांना ते पटलं. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. बहीण तेवढी काहीच बोलली नाही. बाहेर येऊन बाकावर बसली आणि मला म्हणाली, "दादा, त्यांना इचार, नंतर मना पोर होल का?"

परत आत जाऊन विचारलं. तेव्हा कळलं की प्रश्न साधा नाही.

धातूचा व्हॉल्व मजबूत असतो, दशकानुदशकं टिकतो. आपल्या देशातही बनतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने तो तयार केला आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवला. परदेशी व्हॉल्वपेक्षा कितीतरी स्वस्त, लाखभराहून जास्त लोकांना बसलेला. कितीतरी गरिबांचे जीव त्याने वाचवलेत. पण धातूवर रक्ताची गुठळी धरते. ती धरू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. बरोबर मधे राहायला आयएनआर नावाची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. मायट्रल जागी धातूचा व्हॉल्व असेल तर हा आकडा साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो. आणि नेहमीची वॉरफरिनसारखी गोळी गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाला अपाय करू शकते. ती बंद करून दुसरी इंजेक्शनं दिली तर आईच्या व्हॉल्ववर गुठळीची भीती वाढते. दोन्हीकडून कोंडी. प्राण्याच्या ऊतीपासून केलेला व्हॉल्वही मिळतो, त्याला ही गोळी जन्मभर लागत नाही. पण तरुण माणसात तो लवकर झिजतो, म्हणजे दुसरं ऑपरेशन ठरलेलं.

आणि मला आठवला शेजारच्या गावचा एक खलाशी. धातूचा व्हॉल्व बसवलेला, तब्येत ठणठणीत, पुन्हा बोटीवर जायला लागलेला. आठ-दहा दिवस समुद्रात, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, आयएनआरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. एके सकाळी त्याचा उजवा हात उचलेना. व्हॉल्ववरची गुठळी मेंदूत गेली होती. ऑपरेशन उत्तम झालं होतं. ऑपरेशननंतरचं जे आयुष्य त्याला जगायचं होतं, ते त्या व्हॉल्वला झेपणारं नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कुठला व्हॉल्व, हा प्रश्न फक्त छातीच्या आतला नाही. घरी परतल्यावर तपासणी किती लांब आहे, पावसात रस्ता असतो का, गोळी देणारं दुकान उघडं असतं का, पोरगी आई होणार आहे का, हे सगळं त्यात येतं.

मग दुसरा रस्ता कळला. दुरुस्ती. व्हॉल्व काढायचा नाही, आपलाच सांधायचा.

हे सांगणारे सर्जन दुसऱ्या एका हॉस्पिटलातले. बाबा सोबत होते. बाबांचा पहिला प्रश्न: "साहेब, जुना कशाला सांधताव? नवीनच का नाय बसवत?" सर्जन हसले. म्हणाले, "तुम्ही काय करता?" बाबा म्हणाले, मासेमारी. "मग जाळं फाटलं की नवीन घेता?" बाबा म्हणाले, "फाटला तं सांधतो. कुजला तं टाकतो." सर्जन म्हणाले, "बस, एवढंच आहे. आत गेल्यावर मला बघायचंय, फाटलंय की कुजलंय."

त्यानंतर त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मला जसं समजलं तसं सांगतो.

झडपेची चौकट रुंदावलेली असते. ती आत ओढून आकारात आणायला एक कडी शिवतात. सगळ्या दुरुस्त्यांचा हा पाया. पाकळीचा एखादा भाग सैल पडून उलटत असेल तर तेवढा तुकडा कापून उरलेल्या कडा शिवतात. दोर तुटला असेल तर गोर-टेक्सचे नवे दोर घालतात, लांबी अशी मोजून की पाकळी बरोबर जागेवर मिटावी. आमच्यासारख्या केसमध्ये काम वेगळं असतं. तिथे पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात, ती सोडवायची. जाड झालेला थर सोलून पाकळी पातळ करायची. आखडलेली पाकळी पुरत नसेल तर हृदयाभोवतीच्या आवरणाचा तुकडा काढून ठिगळ लावायचं, म्हणजे ती लांब होते. इटलीतल्या ओत्ताविओ आल्फिएरी यांनी १९९० च्या दशकात आणखी सोपी युक्ती काढली, दोन्ही पाकळ्यांच्या कडा मधोमध एका टाक्याने जोडायच्या. दार एकाचं दोन होतं, पण गळत नाही. त्याच कल्पनेवर आता मांडीच्या शिरेतून नेऊन लावायची क्लिप निघाली आहे. ती छाती न उघडता बसते, पण महाग आहे, आणि जाड-आखडलेल्या पाकळ्यांना सहसा चालत नाही.

या दुरुस्तीला शास्त्राची शिस्त लावली ती पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ती कडी आणली, आणि १९८३ साली कुठल्या बिघाडाला कुठला टाका हे सगळं मांडलेला त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की आधी पाकळी कशी हलते ते बघा. जास्त हलते, कमी हलते की ठीक हलते. त्यावरून काय करायचं ते ठरवा. आपल्या देशात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. ए. संपत कुमार यांनी संधिज्वराने बिघडलेल्या व्हॉल्वच्या दुरुस्त्या शेकड्यांनी केल्या. म्हणजे हे फक्त परदेशात होतं असं नाही.

मुंबईचा तर या व्हॉल्वशी जुनाच संबंध आहे. परळच्या केईएममध्ये १९५० च्या दशकात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन आणि त्यांचे सहकारी मायट्रल व्हॉल्वची ऑपरेशनं करत होते. हृदय चालूच ठेवून वरच्या कप्प्यात बोट घालायचं आणि चिकटून अरुंद झालेलं दार मोकळं करायचं. याच डॉ. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण आपल्याकडे हे करायची हिंमत होती. परळ म्हणजे गिरणगाव, आणि गिरणगाव म्हणजे आपल्याच कोकणातली माणसं. अरुंद झडप बोटाने मोकळी करता यायची. गळकी झडप शिवायला मात्र हृदय थांबवून उघडावं लागतं, त्यासाठी हार्ट-लंग मशीन लागतं. म्हणून दुरुस्ती नंतर आली.

सर्जननी आम्हाला गोड गोड काही सांगितलं नाही. म्हणाले, वय झाल्यावर दोर तुटून गळणाऱ्या व्हॉल्वमध्ये अनुभवी हातांकडून शंभरातल्या नव्वदाहून जास्त दुरुस्त्या जमतात आणि चांगल्या टिकतात. संधिज्वराच्या व्हॉल्वमध्ये तसं नाही. आजार पाकळीतच मुरलेला असतो. आज सांधला, दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा उघडावं लागू शकतं. कदाचित आधीही. आणि आत गेल्यावर कुजलंय असं दिसलं तर मी बदलणार. दोन्हीची सही लागेल.

घरी भांडणं झाली. तिच्या सासरचे म्हणाले, दोनदा छाती फाडायची कशाला? आई म्हणाली, जगली पाहिजे, पोराचं नंतर बघू. तिचा नवरा गप्प. खोटं कशाला बोलू, माझंही मत बदलण्याकडेच होतं. पुन्हा माझ्या हातून काही चुकू नये असं वाटत होतं. ती म्हणाली, "पुढचा ऑपरेशन पुढं बघू. दर महिन्याला रगत तपासाया कोन नेल मना? तू?" मी नजर खाली घातली. तिला २०१० चा शनिवार माझ्यापेक्षा चांगला आठवत होता. त्या दिवशी ती सायकलवर मागे बसली होती.

ऑपरेशन जुलै २०२३ मध्ये झालं. मासेमारी बंद होती, बाबा मोकळे होते. गेटवेच्या लाँची पावसाळ्यामुळे बंद, समुद्र खवळलेला, म्हणून वडखळ-पेण करत रस्त्याने गेलो. वडखळच्या खड्ड्यांवर मी इथे बरंच लिहिलंय. आजारी हृदय घेऊन त्यावरून गेलो तेव्हा ते सगळं कमीच लिहिलं होतं असं वाटलं. रक्तासाठी कोळीवाड्यातली आठ पोरं टेम्पो करून आली होती. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला. तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे मला माहीत नाही, ही योजना २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला रायगड होता. तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी योजना होतं. आमच्या वेळी कवच दीड लाखाचं होतं, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, बाकी तो सांगतो.

सकाळी आठला तिला आत नेलं. दुपारी तीनच्या सुमाराला सर्जन बाहेर आले आणि बाबांकडे बघून म्हणाले, "फाटलं होतं. कुजलं नव्हतं." चिकटलेली टोकं सोडवली, मागची पाकळी सोलून तिला आवरणाचं ठिगळ लावलं, दोन दोर नवे घातले, वर कडी बसवली. शिवून झाल्यावर खालच्या कप्प्यात सलाइन भरून दार मिटतंय का ते बघितलं. एकदा थोडं झिरपलं, एक टाका आणखी घातला. मग हृदय चालू करून अन्ननलिकेतून इको करून पुन्हा बघितलं. बाबांना यातलं सगळं समजलं असेल असं नाही. पण पाणी भरून बघतात हे ऐकल्यावर त्यांनी मान डोलावली. होडी डांबरल्यावर तेही तेच बघतात.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत भेटलो. तिला कोणीतरी सांगितलं होतं की धातूचा व्हॉल्व घड्याळासारखा टिकटिक वाजतो, शांत खोलीत ऐकू येतो. शुद्धीवर आल्यावर ती तोंडात नळी असताना डोळे मिटून तेच ऐकत होती म्हणे. टिकटिक नव्हती. तेव्हाच तिला कळलं. कोणी सांगायच्या आधी.

रक्त पातळ करायची गोळी तीन महिने घेतली, मग बंद झाली. आता ती पुन्हा बाजारात बसते, पाटी मात्र नवरा नेतो. परवा डॉक्टर म्हणाले, मूल हवं असेल तर आता विचार करायला हरकत नाही, फक्त पहिल्या महिन्यापासून आमच्याकडे यायचं. ती हसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यो लिहून टाक." म्हणून हे लिहितोय.

आता कामाचं. हे वाचून फक्त बदाम टाकून पुढे जाऊ नका.

१. मुलाचा घसा धरून ताप आला आणि दोन-तीन आठवड्यांनी सांधे एकामागोमाग एक सुजले, तर तेल चोळत बसू नका. डॉक्टरांना छाती ऐकायला सांगा, इको करायला सांगा.

२. ज्याला २१ दिवसांचं इंजेक्शन सांगितलंय त्याचं एकही चुकवू नका. दिसायला बरा असला तरी. रिॲक्शनची भीती खरी आहे, पण गंभीर रिॲक्शन क्वचित येते, आणि तिची औषधं तयार ठेवून देता येतं. दरवेळी पुढच्या आठवड्यात या, हे उत्तर चालणार नाही. शाळांत तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत हा हृदयविकार आहे. ते आले की मुलाला घरी ठेवू नका.

३. व्हॉल्व गळतोय असं कळलं तर पंपिंगच्या आकड्यावर समाधान मानू नका. तीन प्रश्न विचारा: गळती किती? आवळल्यावर रुंदी किती? दुरुस्ती होईल का? आणि ज्या सर्जनकडे जाल त्यांना न लाजता विचारा, तुम्ही दुरुस्त्या नेहमी करता का. हे काम सवयीच्या हाताचं आहे. पहिल्या डॉक्टरांनी बदला म्हटलं ते चुकलं असं मी म्हणत नाही. ज्याला दुरुस्तीची सवय नाही त्याने अर्धवट सांधण्यापेक्षा बदलणं बरं. पण आपण दुसरा दरवाजा तरी ठोठावला पाहिजे.

४. ज्यांना धातूचा व्हॉल्व बसलाय त्यांनी हे वाचून घाबरू नका. तो उत्तम आहे. गोळी आणि आयएनआर तेवढं सांभाळा. आणि ते सांभाळता यावं म्हणून आपली मागणी: किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आयएनआर तपासणी, आणि प्रत्येक आरोग्य केंद्रात पेनिसिलिनचा साठा. अलिबागला आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, महिन्यातून एकदा इकोचं शिबिर तालुक्याला आणणं अशक्य नाही. ग्रामसभेत मी हा विषय घेणार आहे, तुम्ही तुमच्या गावात घ्या. तुमच्या केंद्रात इंजेक्शन मिळतं का, कमेंटमध्ये लिहा. यादी करून सगळ्यांच्या सह्यांनी देऊ.

आणि हो, दुरुस्ती झाली म्हणून २१ दिवसांचं इंजेक्शन सुटलेलं नाही. सांधलेल्या व्हॉल्वला नवा हल्ला परवडणार नाही. बहिणीच्या घरी कालनिर्णयवर तारखांना लाल गोल केलेत, एकेक गोल २१ दिवसांनी. पुढचा गोल शनिवारी आहे. सकाळी आगरदांड्याहून पहिल्या जंगलजेट्टीने पलीकडे जातोय तिला न्यायला. दुपारी गावात मॅच आहे. ती नंतर.